बंबवाला घरी आणला

५ जानेवारी

ही डायरी दुकानाची. ज्या वर्षी दुकान बंद झालं त्या वर्षीची, त्यामुळे हिच्यातले वार जुळत नाहीत, तारखा जुळतात. कोरी डायरी टाकून देणं जिवावर आलं म्हणून ठेवली होती. मला लिहायची सवय नाही, पण घरात बोलायला कुणी उरलेलं नाही. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून दादा बोलू शकत नाही आणि वहिनी बोलत नाही.

आज दादाला व्यायाम द्यायला येणाऱ्या मॅडम जाताना मला जिन्यापाशी घेऊन गेल्या. म्हणाल्या, "हात मेलेला नाहीये त्यांचा. पण ते प्रयत्नच करत नाहीत. मी हलवते तेवढीच बोटं हलतात. असंच चाललं तर ती आखडून बसतील, मग कुणाच्या हातात काही राहणार नाही. त्यांना स्वतःहून काहीतरी करावंसं वाटलं पाहिजे. काय आवडायचं हो त्यांना?"

मी पटकन म्हणालो, "बंबवाला."

मॅडम बघतच राहिल्या. मग त्यांना सगळं सांगावं लागलं. आम्हा दोघा भावांचं गेमचं दुकान होतं. गल्ल्यावर दादा, आणि मागे पेचकस घेऊन मी. आमच्या सगळ्या मशिनींत एक होती बंबवाल्याची. जळती इमारत, तिच्यावर चढणारा एवढासा बंबवाला, वरून कुंड्या आणि तुळया पडतात. दांड्यानं त्याला चढवायचं, बटण दाबून पाण्याचा फवारा मारायचा. खेळ संपला की सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्यांची तीन-तीन अक्षरांतली नावं पडद्यावर यायची. सर्वांत वर कायम तीन गोल. ओ, ओ, ओ. गावातली टगी पोरं वर्षानुवर्षं डोकं आपटून गेली, पण ते तीन गोल काही खाली आले नाहीत. कुणी विचारलं की दादा म्हणायचा, "असतो एक." मी एकदा स्पष्टच विचारलं, तर हसला आणि ओठांवर बोट ठेवलं. मी काय समजायचं ते समजलो. मालकानं गिऱ्हाइकांसमोर खेळायचं नसतं, हे त्याचं तत्त्व. मी अकराला जायचो, त्याआधी दुकानात दादा एकटाच असायचा. म्हणजे वहिनी असायची झाडायला, पण ती अकराच्या आत घरी.

दुकान गेलं तेव्हा बाकीच्या मशिनी भंगारात गेल्या. ही एक दादानं मागच्या शेडमध्ये चादर घालून ठेवली. कपाटाएवढी मशीन दादाच्या खोलीच्या दारातून आत जाणार नाही. पण आतला बोर्ड तर जाईल. तो काढायचा, एका खोक्यात बसवायचा, टीव्हीला जोडायचा, झालं. आयुष्यभर हेच तर केलंय.

८ जानेवारी

शेड उघडलं. उंदरांनी तारा खाल्ल्यात, पडद्यापुढची काच फुटलीय, पण बोर्ड शाबूत. बोर्डाच्या एका कडेला सोनेरी दातांची रांग असते. वीज तिथूनच आत जाते, आणि चित्र, आवाज, दांडा, बटणं सगळं तिथूनच आतबाहेर करतं. म्हणजे त्या दातांना तारा जोडल्या की अर्धं काम झालं. मात्र जोडणी उलटी बसली तर बोर्डाचा तिथल्या तिथे कोळसा. म्हणून मी आधी एका बाजूला लाल रंग लावला. माणसानं स्वतःवर विश्वास ठेवावा, पण लाल रंगही लावावा.

वहिनी शिलाईच्या कपड्यांचं गाठोडं घेऊन मागून चालली होती. म्हणाली, "हे घरात नका आणू, भाऊजी."

"का?"

"नका आणू एवढंच." आणि गेली.

थोड्या वेळानं मी पक्कड आणायला वर गेलो. परत आलो तर ती शेडमध्ये उभी. हातात ओलं फडकं. मशिनीचा दांडा आणि आजूबाजूचा पत्रा पुसत होती. किती वेळ पुसत होती कोण जाणे, तेवढाच तुकडा चकचकीत झाला होता. म्हटलं, "वहिनी, हे टाकून द्यायचंय, कशाला हात मोडून घेताय?" तिनं फडकं पिळलं आणि निघून गेली. बायकांना धूळ म्हणजे शत्रू.

११ जानेवारी

दादाला सांगितलं. बोर्ड त्याच्या मांडीवर ठेवला. डोळे असे चमकले की मला भरून आलं. डावा हात बोर्डावरून फिरवला, मग तोच उचलून स्वयंपाकघराकडे दाखवू लागला. "हं. हं." एवढंच येतं त्याला. मी पाणी आणून दिलं. त्यानं पेला ढकलला, अंथरूण भिजलं. पुन्हा तिकडेच बोट. मी गोळी आणून दिली, तर तीही नको.

वहिनी आली, चादर बदलली. "हो हं. बरं हं. झालं हं," असं म्हणत. दादा आजारी पडल्यापासून ती त्याच्याशी असंच बोलते, दवाखान्यातल्या नर्सबाईसारखं. पूर्वी ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून त्याची अशी खरडपट्टी काढायची की मला वर ऐकू यायची. आता एक शब्द वावगा नाही. आजारपणानं माणसं सुधारतात ती अशी. दादानं मात्र भिंतीकडे तोंड केलं.

१७ जानेवारी

खोक्यासाठी जुना लोखंडी डबा मिळाला. वीज देणारी पट्टी बसवली. बोर्डाला पाच व्होल्ट लागतात, आवाजाला बारा. पाचाच्या जागी बारा गेले की संपलं. मोजून घेतले, दोनदा.

अडचण बटणाची. दांडा डाव्या हाताला, तो हात धडधाकट. पण फवाऱ्याचं बटण उजव्या हाताला, आणि तिथं तर बोंब. मॅडम म्हणाल्या, "उलट बरंच की! त्याच हाताला काम द्या, फक्त बटण मोठं आणि मऊ करा." मशिनीचं बटण एवढंसं आणि ताठ, दुबळ्या तळहातानं ते कसलं दबतंय. घरभर शोधलं. मग नजर गेली वहिनीच्या विजेवरच्या शिलाई मशीनच्या पायाकडच्या पेडलवर. रुंद, बसकं, नुसता भार टाकला तरी दबणारं. आतला भाग काढून एक छोटं बटण बसवलं की झालं काम. मशीनवर झाकण होतं. विचारलं, "वहिनी, हे घेऊ का? दादासाठी हवंय."

"घ्या."

"शिवणाचं काय?"

"मला नाही लागत," ती म्हणाली. गिऱ्हाइकांचं गाठोडं दाराशी तसंच पडलेलं दिसलं, बांधलेलं. वहिनीचा हा गुण मात्र मानला पाहिजे. दादासाठी काही मागा, नाही म्हणायची नाही.

१९ जानेवारी

आज घोटाळा झाला.

बोर्डावर एक गोल बॅटरी असते. वीज बंद असली तरी ते तीन गोल आणि त्यांचे गुण तिच्याच जोरावर लक्षात राहतात. ती फुगून हिरवी पडली होती. तशीच ठेवली तर पाझरून बोर्ड खाईल, काढावी तर आठवण पुसेल. यावर माझा तोडगा असा, की आधी दोन चिमट्यांनी दुसरी बॅटरी बाहेरून जोडायची आणि मग जुनीचे कथलाचे डाग वितळवून ती उचलायची. बोर्डाला कळूसुद्धा नये. मी निम्म्यावर आलो होतो. एक पाय सुटला, दुसरा सुटायचा होता, आणि घरात करपल्याचा वास आला.

मी धावलो. वहिनीनं इस्त्री दादाच्या सदऱ्यावर ठेवून दिली होती, आणि ती शेजारीच उभी होती. शेजारीच! खिडकीतून बाहेर बघत. धूर तिच्या नाकाशी, आणि ही बघतेय बाहेर. मी इस्त्री उचलली, बटण बंद केलं. परत आलो तर चिमटा माझ्या बाहीत अडकून माझ्यासोबत आलेला.

आठवण गेली. जुन्या मशिनीच्या पडद्याला तात्पुरतं जोडून बघितलं. बंबवाला उभा आहे, इमारत आहे, आग आहे, पण नावांच्या यादीत कारखान्यातून आलेली तीच ती अक्षरं. तीन गोल नाहीत.

मी भडकलो. वहिनीला म्हणालो, "तुमच्या इस्त्रीपायी दादाचे तीन गोल गेले. लक्ष कुठे असतं तुमचं?"

ती म्हणाली, "गेले?"

"गेले. इतक्या वर्षांचे."

ती तिथेच जमिनीवर बसली. पूर्वीची वहिनी असती तर मला उभा चिरला असता, चार शब्द सुनावले असते. ही नुसती बसून राहिली, हातात जळका सदरा घेऊन. तिला चूक कळली असावी. मलाही वाटलं, जरा जास्तच बोललो. पण शब्द काही परत घेता येत नाही. दादाला सांगितलेलं नाही.

२३ जानेवारी

टीव्हीवाल्यानं जुना काचेच्या नळीचा टीव्ही दिला. नवे सपाट टीव्ही बोर्डाचं चित्र घेतच नाहीत, नुसतं निळं तोंड करून बसतात. बोर्ड लाल, हिरवा, निळा वेगवेगळे देतो, टीव्हीला ते एका तारेतून हवे असतात, त्यासाठी मध्ये एक छोटी पट्टी घालावी लागली. ती लावली आणि चित्र आलं! ओरडलोच मी. आलं, पण इमारत आडवी. बंबवाला उभा चढायचा तो डावीकडे सरपटतोय. आग बाजूनं लागलीय.

दुपारभर तारा उलटसुलट केल्या. पट्टी बदलली. डोकं आऊट झालं. दादा कुशीवर पडून बघत होता आणि त्याला काहीच वावगं वाटत नव्हतं, कारण तोही आडवाच.

वहिनी सूप घेऊन आली. एक नजर टाकली. म्हणाली, "त्या मशिनीत पडदा उभा होता ना, भाऊजी."

तोंडात मारल्यासारखं झालं. इतकी वर्षं ती मशीन मी मागून उघडली, आतली नळी उभी बसवलेली रोज पाहिली, परवा तिलाच बोर्ड जोडून बघितला, आणि विसरलो. बाकीच्या मशिनींत आडवी, हिच्यात उभी. टीव्हीच एका अंगावर उभा करायचा! झाडताना वहिनीच्या नजरेत आलं असणार. बायकांची नजर.

टीव्ही उभा केला. एका कोपऱ्यात रंगाचे डाग पडले, थोड्या वेळानं गेले. दादा हसला नाही. त्यानं पुन्हा स्वयंपाकघराकडे हात केला. मी पाणी आणलं नाही. सारखं काय पाणी.

२४ जानेवारी

आवाज जोडला. बोर्डाचा आवाज मोठ्या कर्ण्यासाठीचा, टीव्हीत तसाच सोडला तर कान फाटतात, म्हणून मध्ये अडसर घातला. छान येऊ लागला. पाणी फुसफुसतंय, आग तडतडतेय. मी खूश.

आतून वहिनी म्हणाली, "घंटा कुठाय?"

"कसली घंटा?"

"वरची तुळई पडायच्या आधी घंटा वाजते."

ती ओट्याकडे तोंड करून उभी होती, टीव्ही तिला दिसतसुद्धा नव्हता. मी तपासलं. माझ्या अडसरानं बारीक आवाज खाऊन टाकले होते. एक भाग बदलला आणि घंटा वाजली. तिखट कान आहेत हो.

खरं तर तिचं बाकी कशावर लक्ष नसतं. आज दूध दोनदा उतू गेलं. पायात एक चप्पल तिची, एक माझी.

३० जानेवारी

वाईट दिवस. दुपारी दादाला भरवून झाल्यावर वहिनी दारात उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊजी, मी दोन दिवस कुठे जाऊ का?"

"कुठे?"

"कुठेही."

"कुठेही म्हणजे? आणि दादाचं कोण बघणार?"

"हो ना," ती म्हणाली. "ते राहिलंच."

मला हे पटलं नाही. माझं हे काम संपत आलंय, आता कुठे दादाला आशा आहे, आणि हिला हवापालट सुचतोय. तसं सरळ बोललोसुद्धा, "वहिनी, आत्ता सगळ्यांनी दादाकडे बघायची वेळ आहे." तिनं मान डोलावली. दादा जागा होता. त्यानं सगळं ऐकलं असणार, कारण मी आत गेलो तर डाव्या हातानं उजव्या हाताला मारत होता. स्वतःच्याच हाताला, पुन्हा पुन्हा. मी धरला तेव्हा थांबला. रडत होता.

मॅडम म्हणाल्या होत्या की असे झटके येतात. पण मला फार भीती वाटली.

२ फेब्रुवारी

वहिनी सकाळी औषधं आणायला गेली ती दुपारपर्यंत आली नाही. मी दादाला सोडून जाऊ शकेना. शेवटी समोरच्या केशकर्तनवाल्याला पाठवलं. तो तिला बसच्या थांब्यावरून घेऊन आला. पिशवी रिकामी.

"औषधं?"

"बस आली, गेली. दुसरी आली, तीही गेली. मी बसूनच राहिले," ती म्हणाली. जणू दुसऱ्या कुणाचं सांगतेय.

केशकर्तनवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताईंना दाखवा जरा कुणाला तरी." मी म्हणालो, दमली आहे. तो म्हणाला, "दमलेला माणूस बसमध्ये बसतो हो. ताई नुसत्या बस बघत बसल्या होत्या." मला त्याचं बोलणं आवडलं नाही. केस कापावेत, दुसऱ्याच्या घरात डोकावू नये.

दादानं आज काही खाल्लं नाही. वहिनी भरवायला बसली तर तो तिच्याकडे बघत राहिला आणि तोंडच उघडेना. माझ्या मनात वाईट विचार येतात. दोघांचाही दिवा विझत चाललाय असं वाटतं, आणि मी खोक्यात स्क्रू पिळतोय. पण मला दुसरं येतंय काय? गेम सुरू झाला की दादा उठेल, दादा उठला की वहिनीचा भार हलका होईल. सगळं त्या खोक्यावर आहे. उद्यापरवा पुरं करायचंच.

६ फेब्रुवारी

झालं. आज जे झालं ते नीट क्रमानं लिहितो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

संध्याकाळी मॅडम असतानाच सगळं मांडलं. टीव्ही एका अंगावर उभा. दादा खुर्चीत, मागे उशा. मांडीवर फळी. फळीवर डाव्या हाताशी मशिनीचाच दांडा, वेगळ्या छोट्या डब्यात बसवलेला, आणि उजव्या तळहाताखाली शिलाईचं पेडल. तार खोचली, बंबवाला आला, घंटा वाजली.

दादानं दांड्याला हातही लावला नाही.

"दादा, खेळ ना. तुझाच गेम."

त्यानं डाव्या हातानं दांड्याचा डबा ढकलला. फळीवरून पुढे. मी परत आणला. त्यानं पुन्हा ढकलला, दाराच्या दिशेनं. दारात वहिनी गोळ्यांची वाटी घेऊन उभी होती. मी तिसऱ्यांदा आणला तेव्हा तो चिडला. "हं! हं!" मान हलवून, दात आवळून, बोट तिच्याकडे. मी पाण्याला उठलो.

वहिनी म्हणाली, "पाणी नकोय त्यांना, भाऊजी."

टीव्हीत आग तडतडत होती. मॅडम हळूच म्हणाल्या, "ताई, तुम्ही बसा बघू."

"छे, मला कुठे जमतंय आता," वहिनी म्हणाली. म्हणाली, पण वाटी खाली ठेवली. स्टूल ओढलं, दादाच्या डाव्या बाजूला बसली, डबा मांडीवर घेतला. दांडा धरला तो मुठीत नाही. आमची पोरं मुठीत धरायची. हिनं दोन बोटांत धरला, सुई धरावी तसा.

बंबवाला चढू लागला. एक मजला, दुसरा. कुंडी पडली, तो सरकला. कुंडी पडायच्या आधीच सरकला. मी आ वासून बघत होतो. तिसऱ्या मजल्यावर खिडकीतून ज्वाळा आल्या, आणि वहिनीचा उजवा हात हवेत बटण शोधू लागला. बटण नव्हतं. ते दादाच्या तळहाताखाली होतं. बंबवाला जळाला.

पुन्हा सुरू केलं. पुन्हा तिसरा मजला. ती म्हणाली, "अहो, दाबा हं. पाणी मारा हं."

दादाचा हात हलला नाही. जळाला.

तिसऱ्यांदा ती पुढे सरसावून बसली. गाल लाल. आणि ज्वाळा आल्या तशी एकदम ओरडली, "दाबा! अहो, दाबा ना! झोपलात का? समोर आग दिसत नाही का तुम्हाला? दाबा म्हणतेय ना!"

मी म्हणालो, "वहिनी, सावकाश, त्यांना असं..."

"तुम्ही गप्प बसा, भाऊजी!"

आणि फवारा उडाला.

बोटांनी नाही दाबलं त्यानं. खांद्यापासून सगळा हात पुढे लोटला, घाम फुटला, पण दाबलं. वहिनी थांबलीच नाही. "पुन्हा! आता डावीकडे जाते मी, घंटा झाली की मारा. आत्ता नाही! आत्ता नाही हो! आता! किती उशीर! सगळं आयुष्य उशीर करण्यात गेलं तुमचं!" दादा हसत होता. अर्ध्याच चेहऱ्यानं, कारण अर्धाच हसू शकतो, डोळ्यांतून पाणी आणि नाकातून आवाज. मॅडमनी तोंडावर हात ठेवला होता. इतक्या महिन्यांत वहिनी पहिल्यांदा त्याच्यावर ओरडली, आणि मी तिला थांबवायला निघालो होतो.

पाचव्या मजल्यावर तुळई पडून संपलं. पूर्वीच्या मानानं गुण काहीच नव्हते. पण कोरी यादी, त्यामुळे पहिला नंबर. नाव लिहायची पाटी आली. वहिनीनं विचारही केला नाही. दोन बोटांनी दांडा फिरवला. गोल. गोल. गोल. दादाच्या हाताला कोपरानं ढोसलं, त्यानं दाबलं.

ओ, ओ, ओ. सर्वांत वर.

मी तिच्याकडे बघितलं, दादाकडे बघितलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो मीच.

"तुम्ही?" मी म्हणालो.

"गुंड्या आहेत त्या," ती म्हणाली. "सदऱ्याच्या. तेव्हा दुसरं काही सुचलं नव्हतं." मग आवाज फाटला तिचा. "सकाळचा तेवढा एक तास माझा होता हो, भाऊजी. सगळ्या दिवसातला तेवढाच."

मला काही बोलायचं होतं. इस्त्रीबद्दल, थांब्याबद्दल, पेडलबद्दल. तोंडातून निघालं ते भलतंच. "मग दुकान कोण झाडायचं?"

वहिनीनं नुसतं दादाकडे पाहिलं. दादानं डावा हात उचलला आणि हवेत, मोठ्या थाटात, झाडू मारून दाखवला.

मग ती रडली. थांबेचना. दादाचा उजवा हात तिनं दोन्ही हातांत धरला होता आणि त्यावर डोकं टेकून रडत होती. मॅडम मला बाहेर घेऊन आल्या. जिन्यापाशी म्हणाल्या, "ताईंनाही डॉक्टरकडे न्यायचं. उद्याच. आणि रोज दुपारी त्यांना घराबाहेर सोडायचं, तुम्ही बसायचं यांच्यापाशी." मी हो म्हणालो. मला कुणी हे आधी का सांगितलं नाही, असं म्हणणार होतो. पण एक माणूस घसा फोडून सांगत होता, त्याच्याकडे शब्द नव्हते एवढंच. मी त्याला पाणी पाजत बसलो.

७ फेब्रुवारी

डॉक्टरांकडे जाऊन आलो. वहिनीला गोळ्या दिल्यात, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलंय. एका दिवसात काही होत नाही, असं ते दोनदा म्हणाले. येताना बसच्या थांब्यावर ती पुन्हा गप्प झाली. मला धास्ती वाटली, तिचा दंड धरून ठेवला. ती म्हणाली, "सोडा, भाऊजी, लोक बघतात." मी सोडला नाही.

८ फेब्रुवारी

सकाळी वहिनीनं पेडल परत मागितलं. दाराशी पडलेलं गाठोडं तिनं सोडलंय, त्यातलं काहीतरी आज द्यायचं आहे म्हणे. मी आतलं छोटं बटण काढून जुना भाग बसवून दिला. दादासाठी दुसरं काहीतरी बघावं लागेल, तोवर रोज संध्याकाळी हीच काढघाल. करू.

ती पेडल घेऊन निघाली. दारात थांबली, वळली. दादाचा ओला टॉवेल पलंगावर पडला होता. तो उचलून तिनं त्याच्या अंगावर भिरकावला आणि म्हणाली, "संध्याकाळपर्यंत हात चालवत राहा. काल चौथ्या मजल्यावर तुमच्यामुळे मेले मी."